पाठ टेकून चालवायची सायकल परत मिळण्याबाबत

दिनांक : १७ फेब्रुवारी २००९

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी,
दाळगल्ली प्रभाग कार्यालय,
लातूर.

अर्जदार : श्रीमती आरती आदिनाथ बिराजदार, वय ३५, शिक्षण बी.ए., व्यवसाय शिवणकाम, रा. दाळगल्ली, खोली क्र. ४ (मूळ गाव किल्लारीजवळील वाडी).

विषय : अतिक्रमण म्हणून उचलून नेलेली घरगुती बनावटीची सायकल बारावीच्या परीक्षेपूर्वी परत मिळणे व तिच्या आसनातील बदलास मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ : १) क्लासच्या पालकांची तक्रार, ४१ सह्या, दि. २ फेब्रुवारी.
२) आपल्या पथकाचा पंचनामा, दि. ११ फेब्रुवारी.
३) आपली तोंडी सूचना, दि. १३ फेब्रुवारी ("पोरीला जरा उठवून बसवा की").

महोदय,

१. अर्जदाराची मुलगी कु. मनस्विनी, वय १७, ही बारावी विज्ञान शाखेत असून तिचा पहिला पेपर २६ तारखेस आहे. पाठीच्या दुखण्यामुळे तिला पडून पेपर लिहिण्याची परवानगी, एक लाकडी बाज व वाढीव वेळ मंजूर झाला आहे. म्हणजे पेपर लिहायचा कसा, हे ठरलेले आहे. घरापासून सव्वादोन किलोमीटरवरील केंद्रापर्यंत जायचे कसे, एवढेच राहिले होते. तेही ठरले होते, परंतु ते सध्या आपल्या आवारात पत्र्याखाली पडून आहे.

२. भूकंपाच्या पहाटे मुलगी एकोणीस महिन्यांची होती. घर दगडामातीचे, वर माळवद. अर्जदार पाणी प्यायला म्हणून उठून दारापाशी गेली होती, म्हणून ती बाहेर राहिली. मुलीचे वडील आदिनाथ मुलीवर पालथे पडून राहिले. दुपारी तीन वाजता दोघांना काढले. वडिलांमुळे मुलगी वाचली आणि वडिलांच्याच भाराने तिचा मणका दबला. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व मुलीला दोन्ही माहीत आहेत. ताठ बसवले की आठव्या मिनिटाला तिच्या पायांना मुंग्या येतात आणि बाराव्या मिनिटाला पाय तिचे राहत नाहीत. पाठ टेकली की तेच पाय शाबूत.

३. "रिक्षा करा" असे आपल्या कार्यालयात तिघांनी सुचवले. रिक्षा केली होती. गतिरोधक सहा आहेत. त्या दिवशी क्लासच्या चाचणीत मुलगी कोरा पेपर देऊन आली, कारण पाय जागेवर येईपर्यंत वेळ संपला. हातगाडीवर गादी टाकून नेण्याचेही बोलून पाहिले. मुलगी म्हणाली, "आई, मी सामान न्हाई." हातगाडीचा विचार तिथेच सोडला.

४. तेव्हा मुलीने उताणे टेकून स्वतः पायाने चालवावी अशी सायकल करायचे ठरले. चित्र अर्जदाराने एका जुन्या मासिकात पाहिले होते. माप मात्र कुठे मिळाले नाही. मुलीला फरशीवर निजवून खडूने तिच्याभोवती रेघ ओढली, गुडघे वाकवून पुन्हा ओढली. मग खांद्यांखाली एकेक उशी सरकवत अर्जदार तिच्या तोंडाकडे बघत बसली. दुखते असे ही मुलगी कधी सांगत नाही; तिचा खालचा ओठ आत जातो. ओठ आत गेला की उशी काढायची. असे आठ दिवस चालले. कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजले तेव्हा पस्तीस अंशांवर ओठ जागेवर राहिला. त्याच मापाने नरसिंग वेल्डिंगवाल्यांनी दोन भंगार सायकली कापून एक लांब सांगाडा केला. पायडल पुढे, हँडल कमरेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे खांद्यावर ताण नको.

५. घोटाळा आसनात झाला, व तो सर्वस्वी अर्जदाराचा आहे. पहिले आसन पत्र्याचे केले, ते तापले. दुसरे फळीचे केले, ते प्रत्येक खड्डा जसाच्या तसा पाठीला कळवू लागले. म्हणून तिसरे असे केले : दोन बांबू, त्यांवर आडव्या कामट्या, काथ्याने गुंफलेल्या. खड्ड्यात ते लवते व पाठीला कळू देत नाही. हे बांबू आणायला अर्जदार व्यंकटी बुरुडाकडे गेली. तिने लांबी सांगितली तेव्हा त्यांनी काही न विचारता दोन सरळ बांबू काढून दिले, काथ्या वर टाकला, खाली मान घालून म्हणाले, "भाव करू नका ताई. उरलं तरी परत आणू नका." अर्जदारास वाटले, माणूस किती चांगला. निघताना त्यांनी विचारले, "घरातलंच हाय का कोनी?" अर्जदार म्हणाली, "हो, मुलगी." त्यांनी डोक्याची टोपी काढली. तेव्हाही अर्जदाराच्या ध्यानात काही आले नाही. तिचे सगळे लक्ष मुलीच्या खालच्या ओठाकडे होते.

६. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलगी त्या सायकलीवरून क्लासला गेली. अर्जदार मागे पळत होती व पहिल्याच वळणावर मागे पडली. सतरा वर्षांत मुलगी आईच्या पुढे निघून जाण्याची ही पहिली वेळ होती, एवढे नमूद करणे अर्जदारास आवश्यक वाटते.

७. संध्याकाळी मेस चालवणाऱ्या केवळाबाई दारात आल्या. "आगं, जित्या लेकराला ताटीवर घालून फिरवून राहिलीस? बांबू, काथ्या, पाय म्होरं, तोंड आभाळाकडं. आनखी काय राहिलं?" (ताटी म्हणजे तिरडी.) आतून मुलगी म्हणाली, "हलगी, मावशी." केवळाबाईंना हसू आले नाही. अर्जदारासही नाही. मुलगी मात्र बराच वेळ हसत होती.

८. बांबू दिसू नयेत म्हणून अर्जदाराने आसनावर चादर घातली. धुतलेली एकच होती, ती पांढरी निघाली. दुसऱ्या दिवशी हिरवी घातली, तर शेजारच्या कमलम्मा म्हणाल्या की सवाष्णीला तसेच नेतात. चादरीचा नाद सोडला. पुढे तक्रारीवर पहिली सही श्री. शेषेराव यांची झाली. हे लोह्याहून मुलाला घेऊन येथे खोली करून राहिले आहेत. चौकात ते सर्वांदेखत म्हणाले, "आमी लेकरू डागदर करायला आनलंय, रोज सकाळी मढं दावायला न्हाई." त्यावर अर्जदाराने नम्रपणे सांगितले की, निघताना मढे आडवे आले तर काम फत्ते होते, असे आपल्याकडची जुनी माणसे मानतात. शेषेराव म्हणाले, "ते खरं मढं असलं तर. हे जितं हाय." म्हणजे तक्रार मुलगी जिवंत असल्याची आहे, असा अर्थ अर्जदारास लावणे भाग पडते.

९. दि. ११ रोजी पथकाने सायकल नेली. वाहन म्हणावे तर कोणत्या रकान्यात लिहावे हे ठरेना, म्हणून पंचनाम्यात "बांबूचा सांगाडा, चाकांसह, नग एक, रहदारीस अडथळा" असे लिहिले आहे. दि. १३ रोजी आपण आसन साठ अंशांपर्यंत उभे करण्याची सूचना दिलीत. त्याच संध्याकाळी अर्जदाराने घरी उशा रचून ते करून पाहिले. नऊ मिनिटे पाय टिकले. केंद्राचा रस्ता चौदा मिनिटांचा आहे. आपल्या लिपिकांनी "मग डोकं पुढं अन् पाय मागं करा" असाही तोडगा दिला. त्यात अशुभ टळते, परंतु रस्ता दिसत नाही.

१०. येथे एक गोष्ट साक्षीदाखल मांडते. काल दुपारी अर्जदार चौकशीस आली असता आपले शिपाई श्री. संगप्पा हे त्याच सायकलीवर पाठ टेकून गाढ झोपलेले होते. त्यांना गुडघेदुखी व कंबरदुखी आहे. जागे झाल्यावर म्हणाले, "बाई, असा आराम घरच्या खाटंला न्हाई." याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. त्यांना कुणी रागावू नये. फक्त त्यांचा जबाब आसनाच्या सुखकारकतेचा पुरावा म्हणून कागदावर घ्यावा. ते निजलेले असताना आवारातून बरीच माणसे गेली व आली. कुणाचे काम अडल्याचे ऐकिवात नाही.

११. बघणाऱ्यांच्या सोयीसाठी अर्जदार पुढील बदल करण्यास तयार आहे : बांबू काढून लोखंडी नळी, काथ्याच्या जागी बाजेची निळी नवार, मोठी घंटा, मागे लाल झेंडी. मुलगी पहाटे सहालाच निघेल, म्हणजे इतर मुले उठण्यापूर्वी ती केंद्राच्या फाटकापाशी असेल. पाठीचा कोनही पस्तीसवरून बेचाळीसपर्यंत नेता येईल. बेचाळीसला ओठ आत जातो, पण अर्धाच. त्यापुढचा एक अंशही अर्जदार कबूल करू शकत नाही. तो अंश अर्जदाराचा नाही, मुलीचा आहे.

१२. शिकलेल्या बाईला ताटी ओळखू येऊ नये, याचे आपणांस नवल वाटले. त्याचा खुलासा असा. ताटी पुरुषमाणसे बाहेर बांधतात. बायका आत असतात. नुसते बांबू आणि काथ्या त्यांना दिसत नाहीत, दिसते ती वर माणूस असतानाच. नवऱ्याच्या वेळी तरी अर्जदारास जवळून बघायला मिळाली असती. पण त्या दिवशी वाडीत एकशे अकरा माणसे गेली होती आणि बांबू पुरले नाहीत. आदिनाथ यांना दाराच्या फळीवरून नेले. फळी त्यांच्याच घराची होती. पाऊस पडत होता. कोण पुढे, कोण मागे, पाय कुणीकडे, हे कुणी पाहिले नाही. ज्या बाईच्या घरात ताटी आलीच नाही, तिने ती सतरा वर्षांच्या मुलीच्या पाठीसाठी नकळत स्वतःच्या हाताने विणली. ह्या चुकीची जी शिक्षा असेल ती अर्जदारास व्हावी, मुलीस होऊ नये.

१३. तरी मेहेरबानांस विनंती की, सायकल २४ तारखेपर्यंत परत मिळावी, म्हणजे नवार विणायला एक दिवस राहील.

१४. न मिळाल्यास काय, असे आपण विचाराल. मुलगी परीक्षेला जाणारच. रिक्षा चालत नाही, हातगाडी ती चढत नाही. तेव्हा तिला घरच्या बाजेवर निजवून, चार माणसांनी बाज खांद्यावर घेऊन केंद्रापर्यंत न्यावी लागेल. हे मुलीला विचारले. ती म्हणाली, "ने. पण पुस्तक हातात दे, वाटंत वाचते." नरसिंग येतो म्हणाले. व्यंकटी बुरूड डोळे पुसून येतो म्हणाले. आपले संगप्पा रजा टाकून येतो म्हणाले. चौथा खांदा बाईमाणसाने द्यायचा नसतो, हे अर्जदारास माहीत आहे. तो अर्जदार देईल. रस्ता तोच, चौक तोच, वेळ सकाळी दहाची, एक्केचाळीस पालक आपापल्या मुलांना सोडायला निघतात ती. पाय कुणीकडे ठेवावेत, एवढे आपल्या कार्यालयाने लेखी कळवावे.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
आरती आदिनाथ बिराजदार

सोबत :
१) मुलीच्या प्रवेशपत्राची प्रत.
२) हाडांच्या डॉक्टरांचा दाखला.
३) आसनाचा आराखडा, पस्तीस, बेचाळीस व साठ अंशांसह. साठच्या आकृतीपुढील "नको" हे अक्षर मुलीचे आहे.
४) कै. आदिनाथ यांचा मृत्यूचा दाखला.
५) पंचनाम्याची प्रत. त्यातील "सांगाडा" हा शब्द खोडून "सायकल" लिहावा, ही वेगळी विनंती.