बगळ्याचा निरोप

१४ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरंय’ म्हणून ठेवून देता, म्हणून कागद घेतला. लहानपणी तुम्ही मला वाचून दाखवायचात त्या नावाड्याच्या मुलीच्या गोष्टीवर सिनेमा निघाला आहे, तो काल पाहिला. एवढ्याशा पुस्तकाचे तीन भाग करणार आहेत, दर डिसेंबरात एक. हे बोटीवर नोकरीला, मार्चशिवाय परतत नाहीत. म्हणून नाना म्हणाले की चल, मी येतो. जन्मभर लोकांना चष्मे विकले, आता माझ्या सासऱ्यांना स्वतःला सगळं पाहून घ्यायची घाई झाली आहे.

थिएटर खच्चून भरलं होतं. राजाच्या शिपायांनी पहिली सावली कापून नेली तेव्हा वरच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. मुलीच्या आईची सावली नेली तेव्हा तीच रांग चिडीचूप. मागच्या बाई नवऱ्याला सगळी गोष्ट समजावून सांगत होत्या, तीही चुकीची. नदी मात्र मी मनात पाहिली होती तश्शीच निघाली.

पण बाबा, बगळाच नाही हो! आईचे निरोप घेऊन होडीवर येणारा बगळा त्यांनी साफ गाळला. केस विंचरल्याशिवाय होडीत पाय ठेवू नकोस, लाल फ्रॉक आखूड झाला तर खालची घडी सोड, मी कापड राखून ठेवलंय, ते काहीच नाही. मध्यंतरात मी इतकी चिडले होते की नानांनी माझा चष्मा काढून घेतला, स्वच्छ पुसून परत दिला आणि लाह्यांचा पुडा हातात ठेवला.

गोळ्या वेळेवर घ्या. पत्राला उत्तर आलं नाही तर मी येऊन बसेन.

तुमची,
भिंगरी


२० डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात उघडलं. हाताला खळ होती, त्यामुळे ते पुस्तकबांधणीच्या टेबलालाच चिकटलं. सोडवून वाचलं. बगळा गाळला हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. एवढा लवाजमा जमवून त्यांना एक बगळा उडवता आला नाही. मी खाटेवर बसून रोज संध्याकाळी उडवत होतो.

तुझे नाना तुझा चष्मा पुसतात हे कळलं. चांगलं आहे. तू तो आठव्या वर्षापासून स्वतःच पुसत आली आहेस, असा माझा समज होता. लाह्याही त्यांनीच आणल्या. तुला लाह्या आवडतात हे मी त्यांना सांगितल्याचं आठवत नाही. पहिला भाग माझ्याशिवाय पाहिलास याचं मला काहीही वाटलेलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण परवापासून शेजारचा शिंपी विचारतोय की माझं तोंड असं का झालंय.

पुढच्या पत्रात तुझ्या तब्येतीबद्दल जास्त लिही आणि नानांबद्दल थोडं कमी.

तुझा,
बाबा


९ जानेवारी

श्री. व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

सूनबाईने बगळ्यापायी घर डोक्यावर घेतलं, म्हणून मी ते पुस्तक विकत आणलं. दोनदा वाचलं, एकदा तर भिंग घेऊन. बगळा कुठे सापडला नाही. सतराव्या प्रकरणाशी मात्र दोन्ही वेळा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. सूनबाईची आई तिच्या लहानपणीच गेलेली, तेव्हा त्याबद्दल मी तिच्याशी काही बोललो नाही.

नव्या छपाईत काही गाळलं असेल. तुमची जुनी प्रत आठवडाभर मिळेल का? डोळ्यांत तेल घालून जपेन. सूनबाई म्हणते की तुमच्यासारखं वाचून दाखवणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही. मला तर वर्तमानपत्रही धड वाचता येत नाही, मध्येच खोकला येतो.

इकडे कधीतरी या. लोभ वाढावा ही इच्छा.

आपला,
नाना


१५ जानेवारी

श्री. नानांस,
स. न. वि. वि.

प्रत देता येणार नाही. पाठ सुटली होती, नव्याने शिवून दाबात ठेवली आहे. दाबातलं पुस्तक मध्येच काढलं तर वाकतं. कधी निघेल ते आज सांगता यायचं नाही.

आपण चष्मा पुसून देता असं ऐकलं. तिला त्याची सवय होऊ नये एवढंच पाहा.

लोभ आहेच, वाढवायची गरज नाही.

आपला,
भिंगरीचा बाप


१३ डिसेंबर

बाबा,

वर्षभर वाट पाहून काल दुसरा भाग पाहिला. नदीच्या मधोमध मुलीला कळतं की तिची आई गेली. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. मागे कोणाचा तरी नवरा नाक शिंकरत होता, वरच्या रांगेत एक शिट्टी नाही. एकटी मी हसत होते. मला माहीत होतं ना, आता बगळा येणार आणि सांगणार की आई नदीपलीकडे लपून बसली आहे. गेल्या वर्षी गाळला असला तरी इथे त्यांना तो आणावाच लागेल, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की विचारू नका. दिवे लागेपर्यंत मी पडद्यावरच्या आभाळाकडे पाहत बसले.

घरी येऊन नानांकडचं पुस्तक मागितलं. सतराव्या प्रकरणात आई मरते. नानांना ते वर्षभर माहीत होतं. मी बगळ्याचा विषय काढला की ते म्हणायचे, तुझ्या बाबांचीच प्रत खरी असणार. त्यांनी तुमची लाज राखली आणि तुम्ही माझं हसं केलंत.

आपली आई गेली त्यानंतर महिनाभर मी खिडकीत बसून बगळा शोधत होते. नऊ वर्षांची होते मी. तुम्ही समोर बसून ते पाहत होतात. आता एवढंच सांगा, तुमच्या प्रतीत काय लिहिलं आहे?

तिसऱ्या भागाला तुम्हाला बोलवायचं मनात होतं. आता नानांबरोबरच जाईन.

भिंगरी


१८ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

माझ्या प्रतीतही तेच लिहिलं आहे. बगळा मी घातला.

तुझी आई दवाखान्यात होती. रोज दुपारी भेटीच्या वेळी ती मला तुझ्यासाठी काहीबाही सांगायची. घरी येऊन तुला ते सांगितलं की तू रडून आकांत करायचीस, तिच्याकडेच जायचं म्हणून हटून बसायचीस. एका संध्याकाळी मी तिचा निरोप पुस्तक वाचता वाचता बगळ्याच्या तोंडी घातला, आणि तू शांतपणे उठून केस विंचरलेस. तेव्हापासून बगळा येत राहिला. विंचरण्याचा, फ्रॉकचा, दुधाचा आणि खोटं न बोलण्याचा, हे चार निरोप तुझ्या आईचे. बाकीचे माझे.

रोजचा भाग मी दुकानात आधी नजरेखालून घालायचो. सतरावं प्रकरणही असंच आधी वाचलं. ते तुला वाचून दाखवणं माझ्याच्याने झालं नसतं. त्याची आठ पानं मी एकमेकांना चिकटवून टाकली आणि आई नदीपलीकडे लपून बसली आहे असं बगळ्याकडून वदवलं. उभा जन्म लोकांची फाटकी पुस्तकं दुरुस्त केली, घरातलं एक तेवढं बिघडवलं. सहा दिवसांनी आई गेली. तू खिडकीत बसायचीस ते मी पाहत होतो. बगळ्याला मारायचं धैर्य मला झालं नाही. चुकलं माझं.

नानांना पुस्तक दिलं नाही त्याला ती पानं हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. मी त्यांच्यावर जळतो. ते तुझ्या शेजारी बसतात, त्यांना तुझी चिडचिड समोर पाहायला मिळते, मला ती पाकिटातून येते. आणि आता कळतं की त्यांनी माझी लाजही राखली. या माणसाने एकदा तरी वाईट वागावं, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता येईल.

पुस्तक वेगळं पाठवतो आहे. त्या पानांना मी सरस लावला नव्हता, खळ लावली होती. सरसाने चिकटवलेलं पान फाटतं पण सुटत नाही. खळ सुटते. म्हणजे कधीतरी तू ते उघडावंस हे तेव्हाही माझ्या मनात असलं पाहिजे. ओलसर टिपकागद वरखाली ठेव, अर्धा तास थांब, मग कडेपासून हळूहळू. ओढू नकोस.

तुझ्या आईचा पाचवा निरोपही आहे, शेवटच्या दुपारचा. तो मी बगळ्याला दिलाच नाही, कारण मला तो आवडला नव्हता. पत्रात लिहिणार नाही. बोलावलंस तर कानात सांगेन.

नाही बोलावलंस तरी आशीर्वाद आहेतच.

बाबा


३० डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सात पानं सुटली. आठव्याचा कोपरा फाटला, तो तुम्हीच येऊन जोडायचा. ओढू नको लिहिलंत तरी ओढलं, हे तुम्हाला नवीन नसावं.

वर्षभर अबोला धरायचा विचार होता, पण तो पानं वाळेपर्यंतच टिकला. सतरावं प्रकरण मी खिडकीत बसून मोठ्याने वाचलं. नाना आतल्या खोलीत खोकत होते, म्हणजे ऐकत होते. आईचे चार निरोप कोणते ते तुम्ही लिहिलं नसतंत तरी मला कळलं असतं. आईचा बगळा रागावतो, तुमचा नुसते लाड करतो.

तिसऱ्या भागाला तीन खुर्च्या, मधली माझी. लाह्या तुम्ही आणायच्या, नानांना तसं बजावलं आहे. पाचवा निरोप विसरू नका. तोवर कुढत बसू नका, शिंप्याला त्रास होतो.

तुमची,
भिंगरी


१६ डिसेंबर

श्री. व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळलं. तुम्ही आलात, घर भरल्यासारखं झालं. एक गोष्ट मात्र मनात सलते आहे, ती स्पष्ट लिहितो.

सिनेमाच्या शेवटी ती मुलगी आईची सावली घेऊन रिकाम्या घरात येते आणि दाराशी बसून राहते. दिवे लागले तरी लोक उठेनात. तिकिटं फाडणारा गृहस्थही दारात डोळे टिपत उभा होता. तेवढ्यात तुम्ही सूनबाईच्या कानाशी वाकलात. मी पलीकडच्या खुर्चीत, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. ती आधी हसली, मग हमसाहमशी रडली, मग चष्मा काढून तुमच्या हातात दिला. आधीच्या दोन्ही भागांच्या वेळी तो मी पुसला होता.

चार दिवस झाले, विचारलं की विषय बदलते. व्याहीबुवा, सत्तर वर्षांत मला कोणाचा हेवा वाटला नव्हता. आता घास गोड लागत नाही. काय सांगितलंत तिला?

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
नाना


२१ डिसेंबर

श्री. नानांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आणखी आठवडाभर तुम्हाला तसंच झुलवत ठेवणार होतो, पण तुम्ही माझी लाज राखलीत, म्हणून सांगतो. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.

त्या शेवटच्या दुपारी तिची आई म्हणाली होती की पोरीला सांगा, मोठी झालीस की खुशाल लांब जा, बाबांसाठी अडून राहू नकोस. मी घरी आलो आणि गप्प बसलो. बायको चालली होती, त्यात मुलीलाही जायची परवानगी मी कशी पोचवू? पुढे तिला बाहेरगावच्या दोन नोकऱ्या आल्या, दोन्हींत मी मोडता घातला. तुमचं स्थळ आलं तेव्हाही अंतरावरून खुसपटं काढली. दर वेळी ती माझ्या तोंडाकडे बघून थांबायची. शेवटी तुमच्याकडे यायला निघाली तेव्हा मला एकटं टाकून जाते म्हणून माझी माफी मागत होती. मी ती मागू दिली.

लोक म्हणतात की मी तुमच्या घरी मुलगी दिली. तिच्या आईने ती केव्हाच मोकळी केली होती. मीच तिचा हात धरून बसलो होतो.

चष्म्याचं म्हणाल तर मला तो नीट पुसता आला नाही. खिशातला रुमाल दुकानातलाच होता, भिंगांवर खळीचे डाग राहिलेत. तेवढं तुम्ही पाहा.

लोभ वाढवायला आता हरकत नाही.

आपला,
भिंगरीचा बाबा