साहेबांना ओवाळलेलं निरांजन

आंधळगाव, डिसेंबर १९७१, मंगळवार

डोकं भणभणतंय. लढाई सुरू आहे, लोकांना धीर द्यावा म्हणून जिल्ह्याचे मोठे साहेब दुपारी येणार होते. आले ते अंधार पडल्यावर. शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून अंधारात बाहेर काडीसुद्धा ओढायची नाही, हा हुकूम त्यांचाच. आम्ही मास्तरांनी खपून उभारलेली कमान त्यांना दिसलीसुद्धा नाही.

कमान गेली खड्ड्यात. ते निरांजन मात्र डोक्यातून जात नाही.

ओवाळायचा मान गिरजाबाईंना दिला होता, मुलगा फौजेत म्हणून. तहसीलदार म्हणाले, न पेटवताच ओवाळा, साहेबांना घाई आहे. घाई? आणि दुपारपासून गाव ताटकळलं ते?

बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, विझला दिवा मी नाही ओवाळत. माहा पोरगा तिकडे लढून राहिला. साहेबाले घरात आना, दार लावून ओवाळीन."

साहेब बूट काढून, वाकून आत शिरले, मागून तहसीलदार आणि मी. एकच खोली, त्यात धानाची पोती. दार-खिडकी लावल्यावर निरांजन पेटलं. ओवाळून झालं तसं बाईंनी विचारलं, "साहेब, माह्या पोराची काही खबर?"

साहेबांनी तहसीलदारांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग सगळ्यांनी दाराकडे. पण दिवा जळत असताना दार उघडायचं कसं? तहसीलदार फुंकर मारायला वाकले, तर बाईंनी हात आडवा धरला. ओवाळलेलं निरांजन फुंकून विझवतात का कुठे?

तूप काठोकाठ भरलेलं. साहेब पोत्यावर बसले, बाई समोर. निरांजन आपलं आपण विझेपर्यंत बाई उत्तराची वाट पाहत होत्या.