कचेरीतले देव मी काढले नाहीत

रत्नागिरी,
८ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप रावजीकाकांच्या पायांशी पुतण्या महिपतचा निम्मा वाकून, पण मनापासून नमस्कार. (निम्मा अशासाठी की कंबरेत उसण भरली आहे. गावात याचा भलता अर्थ लावतील, म्हणून आधीच सांगून टाकतो.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. काशीचा खोकला गेला, माझा आला. घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आपल्याला दोन महिने बोलायला बंदी केली आणि आपण ती पाळताय, हे वाचून आनंद झाला आणि खरं सांगायचं तर आश्चर्यही वाटलं. आपण पाटीवर लिहिलेलं काकी वाचत नाही, ऐन वेळी तिला चष्मा सापडत नाही, अशी आपली तक्रार आहे. चाळीस वर्षं ऐकून घेतल्याची ती थोडीशी भरपाई समजावी आणि मनाला लावून घेऊ नये.

आपल्या पत्रातल्या दोन गोष्टींना उत्तर द्यायचं आहे. पहिली, यंदाच्या शिमग्यात पालखीपुढे गावाचं गाऱ्हाणं मी घालावं, कारण मान आपल्या घराचा, आपला आवाज बसलेला, आणि घरात दुसरा पुरुष नाही. दुसरी, चिमाआतेने गावभर सांगितलंय की महिपतने कंपनीतले देव काढून टाकले आणि प्रार्थना करून काही होत नाही असं तो चारचौघांत बोलला. हे खरं असेल तर पहिली गोष्ट मी विसरावी, असं आपण खाली रेघ ओढून लिहिलंय. काका, चिमाआतेची बातमी निम्मी खरी आहे. पण निम्मी कुठली, हे कळायला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. आपल्याला सध्या मध्ये बोलता येत नाही, तेव्हा संधी साधून घेतो.

मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत आमची कोळंबी गोठवायची कंपनी आहे हे आपल्याला माहीत आहे. (मागे आपण आला होता आणि वास आवडला नाही म्हणून फाटकातूनच परत गेला होता.) मी तिथे स्टोअरचा कारकून. गेल्या दिवाळीनंतर कंपनीने एक यंत्र आणलं. दिसायला टीव्हीसारखं, पुढे टाइपरायटर, शेजारी छापायचं यंत्र. पण हिशेब त्याच्या पोटात नसतो. मुंबईला एका कंपनीकडे मोठा संगणक आहे, तिथे आमच्यासारख्या वीस-पंचवीस कंपन्यांनी जागा भाड्याने घेतली आहे. आपण इथून टेलिफोन लावायचा, एक डबा रडका आवाज काढतो, आणि मग पडद्यावर मुंबईचा संगणक विचारतो, तू कोण? आपण आपला क्रमांक सांगायचा. मग तो विचारतो, कशावरून? तेव्हा एक गुप्त शब्द टाइप करायचा. त्याला पासवर्ड म्हणतात. शब्द जुळला की दार उघडतं. पुढे मुंबईत बसून इथला माल बघा, नाहीतर इथे बसून मुंबईचा. मला टाइपिंग येतं या एकाच पापाबद्दल ते यंत्र माझ्या गळ्यात बांधलं गेलं.

शिकवायला मुंबईहून विमला कोठारे नावाच्या बाई आल्या. वय तिशीच्या आतलं, बोलणं मोजकं, आणि कोळंबीच्या वासाबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून आम्हाला त्या लगेच आवडल्या. त्यांनी सांगितलं की संगणकात कुणालाही आपणहून शिरता येत नाही, आधीच आत असलेल्या वरिष्ठाने त्याचं नाव घालावं लागतं. मी विचारलं, त्या वरिष्ठाचं नाव कुणी घातलं? त्याच्या वरच्याने. आणि त्याचं? असं करत आम्ही चार पायऱ्या चढलो. शेवटी बाई म्हणाल्या, "सगळ्यात पहिला असतो तो यंत्राबरोबरच येतो." काका, मला एकदम माझं अकरावं वर्ष आठवलं. आपण काजूच्या बागेत गडगा रचत होता आणि मी विचारलं होतं की जग देवाने केलं तर देवाला कुणी केलं. आपण म्हणाला होता, देव आधीपासून होताच, आणि पाठीत एक धपाटा घातला होता. विमलाबाईंनी तेच उत्तर दिलं, फक्त धपाट्याशिवाय. तेव्हाही माझं समाधान झालं नव्हतं, आताही झालं नाही. पण तेव्हा मी गडग्याला दगड द्यायला लागलो होतो, आता टाइप करायला लागलो. समाधान झाल्याशिवाय कामाला लागायचं नाही असं ठरवलं असतं तर तो गडगा अजून अर्धाच असता.

आता देव काढल्याची हकीकत. महिन्याभराने बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड तपासले. चौदा माणसांपैकी नऊजणांचा पासवर्ड गणपती, तिघांचा साईबाबा, एकाचा भैरी, आणि माझा बायकोच्या नावाने काशी. बाई म्हणाल्या, चोर आला तर तो आधी देवांचीच नावं घालून बघेल, नंतर बायकोमुलांची. तेव्हा देव नको, नातलग नको, गावाचं नावही नको. या तिन्हींच्या बाहेरचा शब्द कुणाला सुचेना. मग बाईंच्या सांगण्यावरून प्रत्येकाकडे जाऊन "तुमचा देव काढा आणि दुसरं काहीतरी घाला" असं सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते नीट केलं. हेच शब्द बाजारात चिमाआतेच्या कानावर पडले असावेत. भिंतीवरची गणपतीची तसबीर जागच्या जागी आहे आणि तिला रोज जास्वंदीचं फूल मीच घालतो. (फुलाचा डबा माझ्या टेबलावर असतो म्हणून. श्रद्धेचं नंतर सांगतो.)

आमचे मॅनेजर पोंक्षेसाहेब यांनी मात्र देव काढल्यावर शब्द निवडायला ज्योतिषी गाठला. ज्योतिषाने रास विचारली आणि सात अक्षरांचा एक लाभदायक शब्द काढून दिला. साहेब खूष. तो शब्द लिहिण्यासारखा नाही असं नव्हे, पण सवयीने लिहीत नाही.

यानंतर जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी छापायचं यंत्र आपसूक खडखडायला लागलं. साहेबांच्या नावाने हुकूम निघाला, चार टन कोळंबी ताबडतोब हातखंब्याला पोचवा. साहेब जेवायला घरी गेलेले. हुकूम साहेबांचा म्हटल्यावर आम्ही साध्या ट्रकात बर्फ टाकून माल भरला आणि पाठवला. हातखंब्याच्या तिठ्यावर थंड डब्याची एक मोठी गाडी उभी होती खरी, पण तिचा ड्रायव्हर म्हणे, हा माझा माल नव्हे. वाद संध्याकाळपर्यंत चालला. तोवर बर्फाचं पाणी आणि कोळंबीचं जे व्हायचं ते झालं. हातखंब्याची कुत्री अजून आमची गाडी दिसली की उभी राहतात.

साहेब म्हणाले, मी असा हुकूम दिलाच नाही. मग खोलीत कोण होतं याची चौकशी झाली, आणि नाव आलं हिराचं. हिरा मिरकरवाड्याची. तिचा नवरा होडीवर जातो, आणि ती चौदा वर्षं आमच्याकडे कोळंबी सोलते. त्या दुपारी यंत्राच्या खोलीतून बाहेर पडताना तिला दोघांनी पाहिलं होतं. साहेबांनी विचारलं, तू तिथे काय करत होतीस? ती गप्प राहिली. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

काका, ती तिथे काय करत होती हे मला माहीत होतं. बर्फाच्या पाण्यात दिवसभर हात घालून सोलणाऱ्या बायकांची बोटं दुपारपर्यंत लाकूड होतात. त्या यंत्राच्या मागच्या जाळीतून ऊन वारा येतो. महिनाभरापूर्वी हिराने मला विचारलं होतं, "भाऊ, त्या पेटीच्या मागं ऊब हाय. दोन मिनिटं बोटं सोडवून घेऊ काय?" मी हो म्हटलं होतं. त्या खोलीत परक्याला सोडायचं नाही असा नियम होता, आणि दारावर तो माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. हिरा गप्प राहिली ती माझ्यासाठी. आणि मीही गप्प राहिलो, तोही माझ्यासाठीच.

दोन दिवस मी काय केलं? प्रार्थना केली. चांगली, मन लावून केली. तसबिरीपुढे उभा राहून म्हटलं, देवा, तिची काही चूक नाही, तूच साहेबांच्या मनात घाल. तिसऱ्या दिवशी सकाळी फूल घालताना माझ्या ध्यानात आलं की साहेबांची केबिन तिथून अकरा पावलांवर आहे. (मागाहून मोजली.) मी देवाला जे साहेबांना सांगायला सांगत होतो, ते मला स्वतःला सांगता येण्यासारखं होतं, आणि देवाने ते सांगू नये अशीच माझी आतून इच्छा होती. देव आहे की नाही याचा निकाल त्यावरून लागत नाही. पण प्रार्थना करणारा कसा आहे याचा लागला. मला लाज वाटली, आणि लाज वाटायला लागली की माझे पाय चालतात, हा आपल्या घराण्याचा गुण असावा.

आत जाऊन मी सांगितलं की हिराला मी सोडलं होतं, तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि मुंबईला विमलाबाईंना विचारलं तर हुकूम कुठून आला ते तिथल्या नोंदीत सापडेल. साहेब इतके ओरडले की सोलायच्या खोलीतल्या बायका दारात जमल्या. "तुझा राजीनामा टाइप कर," असंही म्हणाले. मी टाइप करायला बसलो. (तारखेपर्यंत झाला होता.) साहेबांनी ओरडता ओरडताच मुंबईला फोन लावला होता, तेवढ्यात बाईंचं उत्तर आलं. हुकूम त्याच संगणकात जागा घेतलेल्या, देवगडकडच्या एका कोळंबीवाल्याच्या टेलिफोनवरून आला होता. त्यांच्या कारकुनाने आपल्या कंपनीचा क्रमांक टाइप करताना एक आकडा चुकवला आणि आमच्या दारात आला; तिठ्यावरची थंड डब्याची गाडी त्यांच्याच मालाची वाट बघत होती. पण चुकीच्या दाराला त्याची किल्ली लागलीच कशी? तर त्याच्या मॅनेजरचा पासवर्ड आणि आमच्या साहेबांचा पासवर्ड एकच होता. दोघांची रास कन्या, आणि दोघांचा ज्योतिषी एकच.

त्यावर साहेबांनी माझा अर्धा राजीनामा टाइपरायटरातून ओढून काढला. मग म्हणाले, "त्या बाईला बोलावून आण." मी सायकल घेऊन मिरकरवाड्याला गेलो. हिरा जाळं विणत होती. मी निरोप सांगितला, माफीही मागितली, ती जरा पुटपुटत. ती म्हणाली, "देवीला नवस बोललंव होतंव, भाऊ. पावली बघा दोन दिसात." केबिन, राजीनामा, यातलं मी काही बोललो नाही. देवीला दोन दिवस का लागले हे मला माहीत होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

प्रार्थनेबद्दलचं वाक्य त्यानंतरचं. पुन्हा असं होऊ नये म्हणून बाईंनी नवी व्यवस्था केली. आता आपण मुंबईला फोन लावायचा, नाव सांगायचं, आणि फोन खाली ठेवून गप्प बसायचं. ओळख पटली तर संगणक आपण होऊन आमच्याच नंबरावर उलटा फोन करतो, दुसरीकडे कुठेही करत नाही. म्हणजे देवगडच्या माणसाने आमचं नाव घेतलं तरी घंटा आमच्याकडेच वाजणार. पहिल्या दिवशी साहेबांनी नाव दिलं, फोन ठेवला, आणि आम्ही सगळे भोवती बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. साहेबांनी डोळे मिटून हात जोडले. मागे दोघांनी जोडले. तेव्हा मी म्हणालो, "साहेब, इथे प्रार्थना करून काही होत नाही. फोनची वायर भिंतीतून निघालीय." मी ती खोचली आणि थोड्या वेळाने घंटा वाजली. चिमाआतेला वायरपर्यंतचं कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तर निम्मं खोटं कुठलं ते कळलं असेल. आता खरं निम्मं. जग कुणी केलं मला माहीत नाही. हाक मारल्यावर पलीकडे कुणी असतं की नाही, तेही माहीत नाही. पालखीपुढे उभं राहून सबंध गावाच्या वतीने "बा देवा म्हाराजा" म्हणायचं, तर म्हणणाऱ्याच्या मनात एवढी तरी खात्री असावी असं मला वाटतं. ती माझ्यापाशी नाही, आणि आहे असं आपल्याला लिहून फसवणं बरं नव्हे. असा माणूस गाऱ्हाण्याला चालतो की नाही, हे मानकरी म्हणून आपण ठरवावं. नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. काकीला नमस्कार, आणि घशाला जपावं.

आपला,
महिपत

ता. क. शिमग्याची चार दिवसांची रजा मी आपलं पत्र आलं त्याच दिवशी मंजूर करून घेतली आहे. पोंक्षेसाहेबांना कारण गाऱ्हाण्याचं सांगितलंय, आता ते बदलता येत नाही. अडचण एवढीच की मला पहिल्या दोन ओळींपुढचं काही आठवत नाही. तरी आपण सबंध गाऱ्हाणं, बारा वाड्यांच्या देवांची नावं अनुक्रमाने धरून, स्वच्छ अक्षरात लिहून उलट टपाली पाठवावं. वरचं पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच होतं.

दुसरा ता. क. पाकिटातून पाठवावं, कार्डावर नको, पोस्टमन वाचतो. आणि घरच्या पत्त्यावर पाठवावं. कंपनीत आलं तर साहेब त्यातला एखादा देव काढून त्याचा पासवर्ड करतील.