पास झालेल्या पोडाचं पाणी

४ मार्च, मुकुटबन
कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची छोटी वस्ती, पाहून आले. बहुतेक गावांत 'गावानं ठरवलं' म्हणजे दोन-चार बाप्यांनी ठरवलं. इथं खरंच बायका बसल्या, पाण्याची योजना मागितली, बोर मारून घेतली, पाइपसाठी स्वतः चर खोदले. आता प्रत्येक अंगणात नळ. कमलबाई पाणी समितीची अध्यक्ष, कोलाम, साठीची, आवाज खणखणीत. "पहिले नाल्यात झिरा खोदून वाटी-वाटीनं पानी भरत होतो मॅडम. आता पाहा." नळ सोडून दाखवला, बंद केला, परत सोडला.
माझा रोजा, म्हणून बाटली भरून दिली. संध्याकाळी त्याच पाण्यानं सोडला. गोड लागलं.
इतकी वर्षं गावं तपासून राहिले. असा रिपोर्ट लिहायला मिळावा म्हणून तर ही नोकरी धरून बसले.

५ मार्च
सकाळी मुलं जमली. हसली. दात पिवळे, मध्येच तपकिरी पट्टे. कमलबाईची नात गौरी पळत आली तेव्हा गुडघ्याला गुडघा घासत होता.
"चालाले लागली तवापासून असीच हाय. देवाची करनी."
पोरगी योजना आली त्या वर्षी जन्मलेली.
मागच्या कामातली तपासणीची किट पिशवीतच होती. नळाचं पाणी घेतलं, औषध टाकलं. गुलाबी राहायला हवं होतं. पिवळं झालं. नळी धुऊन परत केलं. परत पिवळं. फ्लोराइड. भरपूर.
कोणाला काही न सांगता एसटी धरली. कमलबाई रस्त्यापर्यंत पोचवायला आली होती.

९ मार्च, यवतमाळ
ऑफिसात सरांना सांगितलं. पंखा चालू असून घाम पुसत ऐकलं त्यांनी.
"शबाना, आपल्याला समिती मोजायची आहे. बैठका होतात का, बायका बोलतात का, गाव सांभाळतं का. पाणी तपासणं आपलं काम नाही."
मग कोणाचं?
"हा पोड दाखवून पुढच्या पोडांना योजना मिळणार आहे. तू ह्याला नापास केलंस, तर केळापूरकडच्या बायकांना काय सांगू?"
त्या बायका मीच पाहून आले आहे. दगडावर बसून झिरा भरायची वाट पाहत होत्या. सर वाईट माणूस नाहीत, हीच अडचण.

२४ मार्च
सरांना न सांगता पोडावर गेले. कमलबाईला एकटीला घेऊन टाकीमागे बसले. सगळं सांगितलं. दात, हाडं, पाय.
कमलबाईनं टाकीला हात लावला. मग म्हणाली, "बोरची जागा मीच दाखवलीती. बाकीचे शाळेपाशी म्हनत होते. मी भांडून इथं घेतली."
मावशी, तुमची चूक नाही, जमिनीतच आहे ते, शाळेपाशीही हेच लागलं असतं.
"मंग तुमच्या लोकाईनं तवाच काहून नाई पाह्यलं?"
पाह्यलं नाही एवढंच खरं. बाकी जे बोलले ते मलाच ऐकवेना.

३ एप्रिल
ईद झाली, घरी मन लागलं नाही. आज पोडावर समितीची बैठक. सगळा पोड आलेला. मी किटनं तपासून दाखवलं: जुन्या विहिरीचं पाणी गुलाबीच राहिलं, नळाचं पिवळं. पिवळा रंग हातोहात फिरला.
रेखा उठली. सातवा-आठवा महिना असेल. "नाला आटला. जुनी विहीर टेकडीच्या पल्याड. मी हे पोट घेऊन हंडा आनू का? मॅडम, तुम्ही सांगा नं."
कमलबाई म्हणाली, "वं रेखा, तुह्या पोटातल्यासाठीच सांगून राह्यली मी."
"तुह्या नातीचे पाय वाकडे म्हनून समद्याईले तहानलेलं ठेवतं का?"
मग हात वर झाले. पाऊस येईपर्यंत हेच पाणी प्यायचं. फक्त कमलबाईचा हात खाली.
बायका बोलल्या. सगळ्यांचं ऐकलं गेलं. निर्णय गावानं घेतला. मला जे जे मोजायला पाठवलं ते सगळं तिथं होतं. परत येताना गाडीत रडले, बाजूची बाई विचारत होती घरी कोणी गेलं का.

११ एप्रिल, पांढरकवडा
टँकरसाठी कचेऱ्या फिरले. सगळीकडे एकच. तो पोड टंचाईत बसत नाही. तिथं योजना यशस्वी आहे. घरोघरी नळ आहेत.
"मॅडम, योजना फेल झाली असं कोणी लिहून द्या, मग बघू."
कोणी म्हणजे मी.
लिहिलं तर कमलबाईच्या पोडावर कदाचित टँकर. लिहिलं तर केळापूरकडचं नक्की अडणार. अब्बांनी पुसदहून फोन केला, आवाजावरून विचारलं, तबियत ठीक आहे ना. म्हटलं, ऊन लागलं.

१९ एप्रिल
कमलबाईचा फोन. तिनं टाकीचा व्हॉल्व बंद करून कुलूप घातलं. एक दिवस. दुसऱ्या दिवशी रेखाच्या नवऱ्यानं दगडानं तोडलं. संध्याकाळी बैठक घेऊन तिला अध्यक्षपदावरून काढलं.
"समद्याईनं मिळून काढलं. मी शिकवलं तसंच, हात वर करून." हसली की काय, कळलं नाही. "आता मी कोनी नाई पोरी. गौरीपुरतं पानी विहिरीवरून आनतो. बाकीच्याईचं तू पाह्य."

२२ एप्रिल
लिहिलं. योजना अयशस्वी, पाणी पिण्यालायक नाही. सरांना दिलं, एक प्रत परस्पर जिल्ह्याच्या ऑफिसात.
सरांचा फोन. ओरडले नाहीत. "केळापूरच्या पोडांचं थांबलं. तू जाऊन सांग त्यांना. माझ्यात हिंमत नाही."
माझ्यातही कुठं...

३० एप्रिल
पोडावर. टँकर नाही. साहेब रजेवर, फाइल वर गेली, येईल, पाहू.
रेखा नळावर पाणी भरत होती. मला पाहून थांबली नाही. तेवढ्यात कमलबाई विहिरीकडून आली, डोक्यावर हंडा, पदर ओला, पावलं जड. रेखाच्या अंगणात थांबली. नळाखालची घागर पायानं सरकवली, दुसरी रिकामी घेतली, त्यात अर्धा हंडा ओतला. उरलेलं उचलून घरी गेली. रेखा तिच्या पाठीकडे बघत राहिली. पोट फार खाली आलंय तिचं.
मग मला म्हणाली, "टँकर येईन का?"
मी म्हटलं, लिहिलंय मी. फेल झालं म्हणून लिहून दिलंय.
"लिहिलं का, ते नाई विचारलं मॅडम. येईन का?"