बाबांनी साफ केलेला उतार

प्रिय माऊ,

आधी सांगते, सगळं ठीक आहे. पत्र हातात पडलं की तुला आधी शेवट वाचायची खोड आहे, पण हे तरी वरून खाली वाच. तुझे बाबा आत्ता मागच्या पायरीवर बसून बुटांतली वाळू झाडताहेत, आणि ती पायरी मी सकाळीच झाडली होती. तरी मी गप्प आहे. गेला महिना-दीड महिना त्या बुटांत वाळूचा कण नव्हता, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोन वाजला की बाबा पेपर वाचायचं सोंग करून सगळं ऐकतात.

तुला फोनवर तेव्हा काय झालं ते मी नीट सांगितलंच नाही. निवृत्त झाल्यापासून बाबा दुसऱ्यांच्या कुंपणापाशी उभे राहून त्यांच्या हिरवळीला नावं ठेवायचे, हे तुला माहीत आहे. पलीकडच्या घरातल्या शिट्टीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना आपल्या गटात ओढलं. बाई म्हणजे हॉस्पिटलातल्या निवृत्त नर्स. गळ्यात शिट्टी, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. आपल्या मागच्या भिंतींपासून समुद्रापर्यंत झुडपांचा जो पट्टा आहे ना, तो राखायचं काम गल्लीतलीच माणसं दर शनिवारी करतात. लोकांच्या बागांतून पळालेली परकी वेल काढायची आणि मूळचं गवत, मूळची झुडपं परत आणायची. मागच्या वादळात अर्धा उतार वाहून गेला आणि पाणी आपल्या परसातल्या नळापर्यंत आलं, तेव्हा नगरपालिका तिथे सिमेंटची भिंत घालायला निघाली होती. भिंत आली की झुडपं गेली, आणि उघड्या वाळूत अंडी घालणारे ते तपकिरी पक्षीही गेले. बाईंनी भांडून पुढच्या वादळी हंगामापर्यंत मुदत मिळवली. मग त्याच झुडपांतून गोळा केलेलं बी घरोघरी रुजवलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तर मिठाची बरणी ठेवायलाही जागा उरली नव्हती. रोपं उतारावर लावली, रांगणारं गवत वाळूत सरकायला लागलं, आणि सगळे येता-जाता त्याच्याकडे पाळण्यात डोकावल्यासारखे डोकावू लागले.

आणि एका शनिवारी बाबा सगळ्यांच्या आधी गेले. म्हणाले, जरा नीटनेटकं करून ठेवतो. सगळा जन्म खेळाच्या मैदानाची हिरवळ राखण्यात गेलेला माणूस! त्यांच्या लेखी लॉनच्या जातीचं नसलेलं प्रत्येक पातं म्हणजे चोर. तुला आठवतं, लहानपणी तू मैदानात बसून गवत उपटायचीस आणि ते पार दुसऱ्या टोकाहून ओरडायचे, उपटू नकोस, खड्डा पडतो, कुणाचा तरी पाय मुरगळेल. तर ती त्यांची चपट्या पात्याची खुरपी घेऊन ते गेले. बाकीची मंडळी पोचली तेव्हा उतार भांग पाडल्यासारखा स्वच्छ होता, कडेला गवताचा आणि रोपांचा ढीग नीट रचलेला होता, आणि बाबा कंबरेवर हात ठेवून शाबासकीची वाट पाहत उभे होते. गटातला आपला पोस्टमन मटकन वाळूतच बसला. बाईंनी शिट्टी तोंडाला लावली आणि न वाजवता खाली सोडली. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, निदान बाबा भांडले तरी असते.

घरी येऊन त्यांनी खुरपी धुतली, पुसली आणि खुर्चीत बसले ते बसलेच. मागच्या खिडकीचा पडदा उघडू देईनात. ताटात नुसतं चिवडायचे. त्याच आठवड्यात तुझा फोन आला, घर विकून आमच्याकडे या म्हणून, आणि ते एका दमात हो म्हणाले. तुला आनंद झाला. मला मात्र धडकी भरली. चपला घ्यायच्या तर पंधरा दिवस विचार करणारा हा माणूस, त्याने घर एका शब्दात सोडलं. माझे वडील असेच एका खुर्चीत बसत गेले होते, माऊ, आणि मग उठलेच नाहीत. मी खोकी भरत होते आणि मनात दुसरं काही येत नव्हतं.

मधे दोन-तीनदा चांगला पाऊस झाला. गेल्या शनिवारी बाई दारात आल्या आणि बाबांना म्हणाल्या, बूट घाला. बाबा मान हलवून नाही म्हणाले. तर त्या बयेने आपल्या बैठकीच्या खोलीत शिट्टी फुंकली! माझ्या हातातली बशी पडली, पण बाबा उठले. मी तशीच घरच्या चपलांवर मागे धावले. उतारावर जाऊन बघते तर गवताच्या कापलेल्या प्रत्येक बुडख्याशी नवे कोंब, कुठे दोन, कुठे तीन. सगळे धरून चालले होते की बाबांनी गवत उपटलं. त्यांनी स्वतःही गवत मेलं असंच धरलं होतं, बिचाऱ्यांनी परत जाऊन पाहिलंच कुठे! पण त्या हाताला उपटायची सवयच नाही. जमिनीलगत छाटायचं, खड्डा ठेवायचा नाही. बाबा कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले, बोटाने वाळू उकरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, मुळं आहेत. मी मुळं नाही काढली." मग तेच परत म्हणाले. मी रडले, लपवत नाही. बाई उगाच समुद्राकडे बघत राहिल्या.

सगळंच वाचलं असं नाही. झुडपांची रोपं गेली ती गेलीच, बी पुन्हा पेरलंय आणि माझी खिडकी पुन्हा भरली आहे. पण गवताने वाळू धरली आहे. नगरपालिकेचा माणूस परवा पाहून गेला आणि भिंतीचं नाव आणखी वर्षभर तरी काढणार नाही म्हणाला. बाबा आता जगाला शिकवायला लागलेत की शेंडा मारला की गवत आडवं पसरतं, जणू सगळं ठरवूनच केलं होतं! बाई म्हणतात, पुरे हं, पुढच्या वेळी विचारून करा. बाबा रोज उतारावर जातात आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रविवारी तू ठरवलेला दलाल घर बघायला येणार आहे. बाबा तुला काही म्हणणार नाहीत. लेकीला शब्द दिलाय, तो कसा मोडायचा, म्हणून खोक्यांवर दोऱ्या बांधत बसतात. पण काल बघितलं तर एका खोक्याची दोरी सुटलेली होती आणि खुरपी परत मागच्या दाराच्या खिळ्यावर टांगलेली होती. तेव्हा त्यांच्या वतीने शब्द मी मोडते. दलालाला येऊ नको म्हणून कळव. आमच्यासाठी खोली रिकामी केलीस, त्याबद्दल जावईबापूंना सांग, सासूबाई पाहुण्या म्हणून जरूर येतील आणि लवकर जातीलही. रागावू नकोस. रागावलीस तर इथे येऊन रागाव. येताना जुन्या चपला घाल, आणि उतारावर बसलीस तर काही उपटू नकोस.

तुझीच,
आई