थ्री-नॉट-थ्रीची मूठ

रविवार, ५ जानेवारी २०२५

डायरी चार दिवस उशिरा सुरू. हार्डवेअरवाल्याने ती आज दिली. उशीर त्याचा, माझा नाही.

आजवर स्वतःच्या हातांनी बनवलेलं, कोणाकडे शिकायला न जाता: देव्हारे, मोजणं सोडलं. चौरंग. पाळणा एक, त्यात सृष्टी वाढली. करकरायचा, पण पडला नाही. देवळाली कॅम्पातल्या मंडळासाठी गणपतीचा किल्ला, थर्माकोलचा एक तुकडा न लावता. घरचं कपाट; दार लागतं, गुडघा लावावा लागतो. हार्मोनियम, आवाज सोडून सगळी. लाकडी रायफली चार: मौझर ९८ एक, मोसिन-नागांत एक, थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड दोन. दोन अशासाठी की पहिलीच्या नळीवरची नेम धरायची माशी केसभर तिरकी होती. कोणाला दिसली नसती. मला दिसली.

संकल्प: रागवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, बीपी आहे. मी म्हणालो, बीपी नाही, लोक चुकीचं वागतात. तरीही संकल्प.

बुधवार, ८ जानेवारी

सृष्टी (मुलगी, अकरावी) मोबाईलवर जपानी कार्टून बघते. कार्टून म्हटलं की दुरुस्त करते: "पप्पा, ॲनिमे." बरं.

त्यात पहिलं महायुद्ध संपलेलंच नाही. साल १९४० आणि माणसं अजून त्याच खंदकांत. विमानांऐवजी फुगे. सगळे राजे जिवंत. हे मी पाच मिनिटांत मान्य केलं. माझं मन मोठं आहे. शिवाय बंदुका खऱ्या दाखवल्यात, नावानिशी. जर्मनांकडे मौझर, रशियनांकडे मोसिन. खुर्ची ओढून बसलो.

मी बसलो तेव्हा तिसरा भाग चालू होता. सृष्टी म्हणाली, आधी पहिला बघा. विचारलं, पहिल्यात रायफली किती? म्हणाली, फारशा नाहीत, घरचंच आहे सगळं. मग नको म्हटलं.

तेवढ्यात नायिका, लीना नावाची पोरगी, ली-एनफिल्ड खांद्याला लावते आणि बोल्ट, गोळी आत सारायचा दांडा, ओढते. डावीकडून.

मोबाईल हातातून घेतला. मागे नेलं. थांबवलं. बोल्टची मूठ डाव्या बाजूला. ली-एनफिल्डची मूठ उजवीकडे असते. शंभर वर्षं तिथेच आहे. पोलिसांच्या खांद्यावर जन्मभर पाहिली, उजवीकडे.

इतिहास खोटा चालेल. लोखंड खोटं चालणार नाही.

रागवलो नाही. फक्त ताट जरा जोरात सरकवलं.

शुक्रवार, १० जानेवारी

तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सगळे भाग पाहिले, थांबवून थांबवून. गोष्ट काय आहे ते माहीत नाही. चुका काढल्या. एका प्रसंगात लीना अकरा गोळ्या झाडते, मध्ये मॅगझिन न भरता. मॅगझिनमध्ये दहा मावतात. अकरावी कुठून आली?

मॅक्सिम मशिनगनचा पट्टा उजवीकडून आत जातो. तो बरोबर दाखवलाय. त्याने जास्त चिडचिड झाली.

शेजारचे सुभेदार खंडेराव यांना अकराव्या गोळीचं सांगितलं. तीस वर्षं फौजेत होते. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "एक आधीच नळीत, चेंबरमध्ये असते की, झुंबरशेठ."

सुभेदार तोफखान्यातले. तोफेच्या माणसाला रायफलीतलं काय कळणार? मी कॉलेजात दोन वर्षं एनसीसीत होतो. रायफली पुसायचं काम माझ्याकडे होतं. पुसणाऱ्याला जितकी कळते तितकी झाडणाऱ्याला कळत नाही.

अकराव्या गोळीचा मुद्दा तूर्त मागे. मुठीचा मुद्दा कायम.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

ॲनिमेवाल्यांच्या पानावर सृष्टीच्या अकाउंटवरून कॉमेंट टाकली, इंग्रजीत. उत्तर आलं: हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. जपान्यांना उत्तर देता येत नाही.

तिळगूळ वाटप. सृष्टी सवयीने डाव्या हाताने द्यायला गेली. आई (चतुराबाई, वय पंच्याऐंशी, नजर पंचवीसची) म्हणाली, "उजवा गं, उजवा." पोरीने वाटी हातातल्या हातात बदलली. आईचं हे पोरीच्या जन्मापासून चालू आहे. मी मध्ये पडत नाही. बायकांचा विषय.

गोड बोलायचं उद्यापासून.

गुरुवार, १६ जानेवारी

बातमी. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये ९ फेब्रुवारीला स्पर्धा आहे. मुलं ॲनिमेतल्या पात्रांसारखा पोशाख करून स्टेजवर येतात, एखादा प्रसंग करून दाखवतात. सृष्टी लीना होणार. कोट तिच्या आईने, प्रतिभाने, जुन्या ब्लँकेटचा शिवायला घेतलाय. पोरीने विचारलं, "पप्पा, रायफल तुम्ही कराल?"

सोळा वर्षांत तिने माझ्याकडे काही बनवून मागितलं नव्हतं. सगळं मीच आपणहून बनवून दिलं. मी म्हणालो, बघू, वेळ असला तर. मग बाहेर जाऊन दोन देव्हाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना कळवलं की महिनाभर उशीर होईल.

तिने फोटो दिला, अगदी अशीच हवी म्हणून. मूठ डावीकडे. फोटो खिशात घातला. दुरुस्त करून देईन. पोरीची शोभा व्हायला नको.

बुधवार, २२ जानेवारी

दस्ता शिसवाचा. नळी जीआय पाइपची, मॅट काळी. बोल्टसाठी दाराचा टॉवर बोल्ट, कानस मारून. मागेपुढे होतो, खट्ट आवाज येतो. डोळे मिटले की खरी.

दुपारी सृष्टी शेडमध्ये आली, पर्स घेऊन. काहीतरी व्यवहाराचं बोलली. मी मुठीला गोळा बसवत होतो, उजवीकडे. नाही म्हटलं. गेली.

रविवार, २६ जानेवारी

रायफल पूर्ण. सुभेदारांना दाखवली. हातात घेतली, तोलली, खांद्याला लावली. मग म्हणाले, "वजन बरोबर आलंय." तोफखान्यातले असले तरी माणूस जाणकार आहे.

सृष्टीने बघितली. बोल्ट ओढून बघितला. त्यासाठी तिला हात नळीवरून पलीकडे न्यावा लागला. मी म्हटलं, उजव्या हाताने ओढ, सवय होईल. ती म्हणाली, छान झालीय. तेवढंच. आनंदाने शब्द सुचले नसतील.

सोमवार, २७ जानेवारी

सृष्टीने टाकलेला रायफलीचा फोटो फिरत फिरत पुण्याला गेला. मनोज नावाच्या मुलाचा फोन. असल्या स्पर्धांना सामान भाड्याने देतो. फार नम्र. काका, फिनिशिंग बघून वेडा झालो, म्हणाला. लीनाच्या दहा रायफली हव्यात, एकीचे साडेचार हजार. एकूण पंचेचाळीस हजार. फक्त मूठ डावीकडे घ्या.

मी म्हणालो, ली-एनफिल्डला डावी मूठ नसते. म्हणाला, माहितीये काका, पण लीनाच्या रायफलीला असते. मी म्हणालो, लीनाला कळत नसेल तर तुम्हाला कळायला पाहिजे. म्हणाला, "पहिला भाग बघितला असेलच ना तुम्ही." त्याच्या आवाजातली ती खात्री मला आवडली नाही. मी म्हणालो, "मी चूक विकत नाही." फोन ठेवला.

प्रतिभाला अभिमानाने सांगितलं. ती पोळ्या करत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, अहो, देव्हाऱ्याला तुम्ही दोन महिने घासता तेव्हा बारा हजार येतात. मी तत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तत्त्वाला गीझर जोडता येतो का ते विचारा मनोजला." आमचा गीझर दिवाळीपासून बंद आहे. तो मी दुरुस्त करणारच आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळ

आज स्पर्धा. संकल्प: शांत राहायचं. भोळ्या लोकांत बसायचं आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

सकाळी स्कूटरवर निघालो. सृष्टी मागे, कोट घालून, मध्ये उभी रायफल. वाटेत पोलिसाने हात केला. मला अपेक्षितच होतं. इतकं हुबेहूब हत्यार भर रस्त्यातून नेल्यावर काय होणार? उतरलो, सांगायला सुरुवात केली की ही नमुना आहे, नळी बुजवलेली आहे, दस्ता शिसवाचा आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "ते राहू द्या काका, हेल्मेट कुठंय?" पावती फाडताना रायफलीकडे बघून विचारलं, गणपतीच्या देखाव्याची का. फेब्रुवारीत.

हॉलमध्ये आणखी तीन लीना होत्या. एकीची रायफल पुठ्ठ्याची, एकीची पाण्याच्या पाइपची, एकीची चक्क फोमची, वाकत होती. तिन्हींची मूठ डावीकडे. मला कीव आली.

सृष्टी तिसऱ्या नंबरला स्टेजवर. खंदकाचा प्रसंग. पोरीने रायफल खांद्याला लावली, डाव्या खांद्याला, आणि बोल्ट ओढायला हात नळीवरून पलीकडे नेला. कोपर टोपीला लागलं. टोपी डोळ्यांवर आली. तिने जोर लावला. टॉवर बोल्ट पूर्ण बाहेर आला आणि स्टेजवर पडला. लोखंडाचा खणखणीत आवाज. पुठ्ठ्याचा असा आला नसता, हे कोणी लक्षात घेतलं नाही. लोक हसले.

मी उभा राहिलो. भाषण करायचा हेतू नव्हता. एवढंच सांगितलं की हॉलमध्ये चार रायफली आहेत आणि त्यांतली बरोबर एकच आहे, बाकीच्या तीन अडाणीपणा आहेत, आणि हसायचं असेल तर त्यांना हसा. ली-एनफिल्डचा इतिहासही थोडक्यात सांगितला. माईकवाल्याने मध्येच संगीत लावलं.

परीक्षक पंचवीस वर्षांची मुलगी, सायली. खाली आली, माझ्याजवळ वाकली, हळू बोलली. तिने ओरडायला हवं होतं, मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, "काका, रायफल खूप सुंदर आहे. पण लीना डावखुरी आहे. तिचे बाबा ती तिच्यासाठी बदलून देतात. पहिल्याच भागात आहे."

मी म्हणालो, मी तिसऱ्यापासून बघतो.

पाण्याच्या पाइपवाली जिंकली.

परतताना सृष्टी मागे, मध्ये रायफल. हेल्मेट तिने घातलं होतं, माझं नव्हतंच. बोल्ट कोटाच्या खिशात होता. खड्ड्यांत वाजत होता.

सोमवार, १० फेब्रुवारी

शेडमध्ये दुपारी पहिला भाग पाहिला. केवळ तांत्रिक खात्री करायला.

गाव. लीना लहान. डाव्या हाताने लिहिते म्हणून मास्तर छडी मारतो, आजी ताटावरून उठवते. बाप शस्त्रं दुरुस्त करणारा, बहुतेक स्वतःच शिकलेला. दुकानाबाहेर पाटी नव्हती. पोरीला सैन्याचं बोलावणं येतं. बाप दुकान बंद करतो. जुनी ली-एनफिल्ड घेतो, उजवीकडची खाच बुजवतो, डावीकडे कापतो, मूठ उलटी घडवतो. हात भाजतो. पोरगी निघताना रायफल देतो. म्हणतो, हिला तुझा हात बरोबर वाटेल.

यंत्राच्या दृष्टीने हे शक्य आहे. अवघड आहे, पण शक्य आहे. कानस त्याने उलटी धरली होती, ती चूक मी नोंदवली.

शेडमध्ये भुसा फार उडतो. डोळ्यांत जातो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मनोजला फोन केला. चौकशी म्हणून. म्हणालो, तत्त्वात बसवून डावी मूठ करता येईल, मी शास्त्र तपासलं. फार नम्रपणे म्हणाला, काका, दहाच्या दहांची ऑर्डर दिली एकाला. प्लास्टिकच्या, कॉम्प्युटरवर छापून देतो, दोन दिवसांत. छापून. रायफल छापतात म्हणे.

प्रतिभाला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. आंघोळीचं पाणी चुलीवर तापवलं.

आईने जेवताना पुन्हा म्हटलं, "उजवा गं." मी म्हणालो, आई, जेवू दे तिला. आवाज चढला असावा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सृष्टीनेही, मग ताटात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळपासून काम. मूठ उजवीकडून काढली. ती खाच शिसवाचा तुकडा घालून बुजवली; जोड शोधून सापडणार नाही. डावीकडे नवी खाच. बोल्टला मागे अडकण लावली, आता बाहेर येत नाही. चांगला खट्ट आवाज येतो. पहिल्यापेक्षा चांगला.

सृष्टी अभ्यास करत होती. पुढे धरली. तिने पेन खाली ठेवलं, एकदा बोल्ट ओढून पाहिला. हात कुठेही अडला नाही. म्हणाली, "राहू द्या पप्पा, झाली ना स्पर्धा." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. चिडणं मला कळतं. मग तिने पेन उचललं.

रायफल कपाटात ठेवली. दार लागेना. गुडघा लावला.

नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. मनोजची ऑफर वर आलेलीच आहे. त्याच्या आधीची एक लिहायची राहिली. तारीख २२ जानेवारी, दुपार, शेडमध्ये. वस्तू: रायफल एक. अट: मूठ डावीकडे. ऑफर देणारी: सृष्टी. रक्कम: सातशे रुपये, भाऊबीजेचे, पर्ससकट. मी नाकारली.