आडनाव सोडून सगळं विचारलं

प्रिय बाबा,

काल शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला. आई म्हणाली, "पहिले तुया बाबाले सांग, मंग बाकीच्यायले." म्हणून लिहितेय. मी पास झाले, बाबा! तुमची पोरगी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली!

तुम्ही एसटीचे कंडक्टर. अर्जुनी मोरगावच्या गाड्यांमध्ये तुमचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. आणि मी कॉलेजात पार मुकी होऊन बसले होते. पहिल्याच आठवड्यात एकाने आडनाव विचारलं आणि हसून म्हणाला, "अच्छा, कोट्यातून!" तेव्हापासून शंका विचारायचीही भीती. चुकलं तर म्हणतील, यांचं असंच असतं.

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चिडलात. "काऊन भेऊन राहिली वो? तू आपल्या सीटवर बसली, कोणाच्या मांडीवर नाही!"

हसले मी. पण बाबा, इतकं सोपं नव्हतं ते. आणि तुम्ही तरी इतक्या घाईने का गेलात? तिसऱ्या वर्षी तुमच्या फोटोला हार घालून होस्टेलवर परतताना वाटलं होतं, सोडून द्यावं सगळं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे गट पडले. मला कोणी घेतलं नाही. गोंदियाच्या सलमालाही नाही. ती म्हणाली, "चल, अपन दोनोंच करते." तलावाचं पाणी खाली गेलं की मोटार आपोआप बंद आणि वर आलं की चालू करणारं यंत्र आम्ही बनवलं. किती फ्यूज उडवले! पण तिच्यासमोर "मला नाही समजलं" म्हणायला लाज वाटायची नाही. "मेरे को भी नहीं," ती म्हणायची, मग दोघी शोधायचो. शिकणं इतकं मोकळं असतं?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी इंग्रजीत विचारलं. मी मनात इंग्रजी शब्द जुळवू लागले. सलमाने कोपर मारलं, "बोल ना, तेरे को सब आता है." मी मराठीत सुरू झाले. सरांनी हात वर करून थांबवलं. संपलं, वाटलं! पण त्यांनी मराठीतच विचारलं, "वाऱ्याने पाणी हललं तर मोटार सारखी चालू-बंद होणार नाही का?"

म्हणून तर आम्ही थोडं थांबून पातळी पुन्हा तपासायची सोय केली होती! ती दाखवली. मग बराच वेळ फक्त मोटार, तारा आणि पाणी. आडनाव नाही, कोटा नाही. बाहेर पायऱ्यांवर बसून आम्ही दोघी नुसत्या हसत राहिलो. केवढं हलकं वाटलं, बाबा!

सोमवारपासून तिरोड्याच्या वीज केंद्रात शिकाऊ म्हणून जातेय. तिथेही आडनाव विचारणारे भेटतील. भेटू देत. पण वचन देते, माझ्यानंतर एखादी बुजरी पोरगी आली, तर तिला सोबत घ्यायला मी स्वतः उठून जाईन.

तुमचीच,
प्रज्ञा